उपकरण कोणाच्या हाती?
(इयत्ता ५ वी ते ७ वी : सामान्य विज्ञान व भूगोल यांना जोडून घ्यावयाचा पाठ)

प्रास्ताविक

विज्ञानाचा तास चालू असता वर्गाच्या दाराशी क्षणभर उभे राहून पाहावे. तापमापक बहुधा मुलाच्या हाती असतो आणि आकडे टिपून घेण्याची वही मुलीच्या हाती. मुलींचे अक्षर चांगले, त्या नीटनेटके लिहितात, असे कारण आपण देतो; आणि ते पुष्कळदा खरेही असते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे कामाची वाटणी अशीच केली. एके दिवशी सहावीतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पारा कुठवर चढला ते मला बघू द्या ना. मी नुसते ऐकूनच लिहिते." तिने वर्षभर तापमान लिहिले होते, परंतु एकदाही वाचले नव्हते. चूक मुलीची नव्हती, गुरुजींची होती.

स्त्रियांनी भौतिकशास्त्रात व खगोलशास्त्रात केलेल्या कार्याचा हा पाठ त्या चुकीतून सुचला. थोर स्त्रियांची नामावळी पाठ करून घेणे हा त्याचा हेतू नव्हे. उपकरण हाती आले म्हणजे काय घडते आणि ते हाती न आल्यास काय गमावते, हे मुलामुलींच्या ध्यानी यावे, एवढाच हेतू आहे. त्यासाठी पुढील तीन चरित्रे सांगावी.

१. दुर्बिणीपासून दूर

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक स्त्रिया गणनाचे काम करीत. दुर्बिणीतून वेध घेणे हे पुरुषांचे काम. त्या दुर्बिणीने टिपलेल्या काचेच्या छायापट्टिका तपासून ताऱ्यांची तेजस्विता मांडणे हे स्त्रियांचे. हेन्रिएटा लेव्हिट ही त्यांच्यापैकीच एक. काही तारे ठरावीक मुदतीने तेजस्वी होतात व पुन्हा मंदावतात. लहान मॅगेलानी मेघातील अशा २५ ताऱ्यांच्या नोंदी तिने पडताळून पाहिल्या आणि १९१२ मध्ये एक नियम दाखवून दिला : ताऱ्याचा हा फेरा जितका दीर्घ, तितके त्याचे खरे तेज अधिक.

या नियमाचे महत्त्व वर्गात असे समजावून द्यावे. दूरवर कंदील दिसतो. तो मोठा असून दूर आहे की लहान असून जवळ आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. परंतु कंदिलाचे खरे तेज ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. लेव्हिटच्या नियमाने ताऱ्याचे खरे तेज कळू लागले. याच नियमाच्या आधाराने हबल या शास्त्रज्ञाने पुढे १९२० नंतरच्या दशकात देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे सिद्ध केले. केवळ वही हाती असलेल्या स्त्रीने विश्व मोजण्याची पट्टी दिली. मग दुर्बीणही तिच्या हाती असती तर? हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तराची घाई करू नये.

२. पुण्याच्या वेधशाळेतील यंत्रशाळा

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. त्यांच्या घरी मुलीला आठव्या वाढदिवशी हिऱ्याच्या कुड्या देण्याची रीत होती. या मुलीने कुड्या नाकारल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. वायकोमच्या सत्याग्रहाच्या काळात गांधीजी त्या भागात आले. त्यांच्या प्रभावाने तिने खादी स्वीकारली. सेवाग्रामच्या जिल्ह्यातील मुलांना ही गोष्ट आपल्या घरातील वाटेल.

पुढे बंगलोर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. ज्या हिऱ्यांच्या कुड्या नाकारल्या, तेच हिरे असे अभ्यासासाठी हाती आले! १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. तथापि एम.एस्सी. पदवी नाही या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. अ‍ॅना मणी तेवढ्याने थांबल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या, तेथे हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र शिकल्या आणि १९४८ मध्ये भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील यंत्रविभागात रुजू झाल्या.

त्या काळी साधी हवामानाची उपकरणेदेखील आपण परदेशातून आणीत असू. ती येथेच घडविण्याचे काम पुण्यास चालले होते. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे अ‍ॅना मणी यांनी तयार करविले. चुकीचे मापन हे मापन न केल्याहून वाईट, अशा कसोटीने पाहावयाचे हे काम. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सूर्यापासून येणारी उष्णता व प्रकाश मोजणारी केंद्रे उभारली. वातावरणातील ओझोन मोजणारे उपकरणही त्यांच्या मार्गदर्शनाखाली येथेच बनले. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. भारतातील सौर प्रारणाविषयीचे त्यांचे ग्रंथ १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. आज एखाद्या गावात सौरपंप बसतो, तेव्हा त्या जागी ऊन किती मिळेल हा हिशेब प्रथम करावा लागतो. त्या हिशेबाचा आपल्या देशातील पाया या मोजणीने घातला गेला.

३. सातवीतील एक विद्यार्थिनी

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ रोजी पुण्यात झाला. त्या हुजूरपागेत शिकत असताना सातवीपर्यंत मुलींना गृहविज्ञान शिकवीत असत; भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय नसत. सातवीच्या सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र हे विषय होते. रोहिणीने ते स्वतः अभ्यासले आणि ही शिष्यवृत्ती मिळविणारी ती त्या शाळेतील पहिली विद्यार्थिनी ठरली.

पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आय.आय.टी. आणि अमेरिकेतील स्टोनीब्रुक विद्यापीठ असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. १९७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. मुंबई विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९९५ पासून त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. अतिउच्च ऊर्जेच्या टकरींत हा कण स्वतःच क्वार्क व ग्लुऑन यांचा बनलेला असावा तसा वागतो. त्याचे परिणाम मान्वेल ड्रीस यांच्यासह गोडबोले यांनी गणिताने मांडले. कणांच्या टकरी घडविणारी नवी यंत्रे आखताना ही गोष्ट विचारात घ्यावी लागते. २००८ मध्ये त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या कथनांचा 'लीलावतीज डॉटर्स' हा ग्रंथ संपादित केला. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९०३ मध्ये मेरी क्यूरी यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हापासून २०२३ पर्यंत या विषयात तो मान मिळालेल्या स्त्रिया केवळ पाच आहेत. बुद्धीचा अभाव हे याचे कारण नव्हे, हे वरील तीन चरित्रांवरून उघड आहे. कोठे दुर्बीण मिळाली नाही, कोठे पदवी मिळाली नाही, कोठे विषयच शिकविला गेला नाही.

वर्गात करावयाचे उपक्रम

(अ) छायेची काठी. शाळेच्या सपाट अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी. ती ओळंब्याने तपासावी. सकाळी ११-४५ पासून दर पाच मिनिटांनी छायेच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड छाया ही त्या दिवसाची खरी मध्यान्ह होय. आपला जिल्हा प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्यामुळे ती घड्याळाच्या बारा वाजता क्वचितच येते. ऋतुमानाप्रमाणे सुमारे १२-०० ते १२-३० या दरम्यान येते. २२ डिसेंबरच्या सुमारास वर्धा येथे ही छाया सुमारे ९७ सेंटिमीटर भरेल व उत्तरेकडे पडेल. २१ जूनच्या सुमारास ती केवळ चार-पाच सेंटिमीटर असेल, आणि तीही दक्षिणेकडे! मे महिन्याच्या २४ तारखेच्या व जुलैच्या २० तारखेच्या आसपास, आकाश निरभ्र असल्यास, मध्यान्ही छाया नाहीशी होते. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना आधी द्यावी.

(आ) पर्जन्यमापक. सरळ बाजूंची, सपाट तळाची बरणी झाडे व छपरे यांपासून दूर ठेवावी. रोज ठरावीक वेळी पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी व पाणी ओतून टाकावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजेच एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. कपाशीच्या शेतात घरच्यांबरोबर राबणाऱ्या मुलांना हा हिशेब लवकर उमजतो.

दोन्ही उपक्रमांत मोजणारा व लिहिणारा यांची रोज अदलाबदल करावी. कोणी काय केले, हे तारखेच्या समोर लिहून ठेवावे. महिन्याच्या अखेरीस ही यादी शिक्षकांनी स्वतः वाचावी.

स्वाध्याय

१. दूरच्या कंदिलाचे अंतर काढण्यासाठी कोणती गोष्ट ठाऊक असली पाहिजे?
२. गावात आज १२ मिलिमीटर पाऊस पडला. शाळेच्या १०० चौरस मीटर छपरावर किती लिटर पाणी पडले?
३. खरी मध्यान्ह व घड्याळाचे बारा यांत फरक का पडतो?
४. आपल्या घरी आई किंवा आजी कोणत्या गोष्टी मोजते? कोणत्या मापाने?

समारोप

चौथा प्रश्न वरवर साधा वाटेल; पण त्याची उत्तरे अवश्य वर्गात वाचून घ्यावी. शेर-पायलीच्या मापांपासून दूध नासू न देता तापविण्याच्या अंदाजापर्यंत पुष्कळ मोजणी घरातील स्त्रिया करीत आल्या आहेत. वर्धा येथे १९३७ च्या शिक्षण परिषदेने हातांनी काम करीत शिकण्याचा विचार देशापुढे मांडला. तो विचार मुलींच्या हातांनाही तितकाच लागू आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तापमापक स्वतः वाचला आणि आदल्या दिवशीच्या आकड्यात दोन अंशांची चूक असावी, असे सांगितले. तपासून पाहता ती बरोबर होती.