गवत कापण्याच्या जुन्या यंत्राची हरवलेली ताकद



मैदानावरचे जुने गवत कापायचे यंत्र रिकामे फिरवले की ठीक चालते. पण दाट गवतात शिरले की त्याचा आवाज जड होतो, वेग उतरतो आणि शेवटी ते बंद पडते. अशा वेळी ‘इंजिन गेले, नवे मागवा’ असा निकाल लगेच दिला जातो. पुष्कळदा इंजिन गेलेले नसते. हवा, इंधन, ठिणगी आणि दाब या चार गोष्टींपैकी एखादी त्याला कमी पडत असते. ती कोणती, हे शोधण्याची रीत या पाठात पाहू. नियम दोनच: ज्या तपासणीला खर्च नाही ती आधी, आणि एका वेळी एकच बदल.

काम सुरू करण्यापूर्वी

एक हिशेब करा. पाते ५३ सेंटिमीटर लांब आहे आणि मिनिटाला ३,००० फेरे घेते. एका फेऱ्यात त्याचे टोक सुमारे १.६७ मीटर जाते आणि सेकंदाला ५० फेरे होतात. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ८३ मीटर, ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर झाला. शिवाय हाताने पाते फिरवले तरी इंजिन पेट घेऊ शकते. म्हणून इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा आणि मगच पात्याजवळ हात न्या. यंत्र कलते करताना कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल एअर फिल्टरमध्ये उतरते. हे काम प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे.

ताकद घटली की ओझे वाढले?

हा पहिला प्रश्न. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. त्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. पात्यावरच्या झाकणात ओल्या गवताचा थर साचला तर पाते त्यालाच घासत फिरते. थर खरवडून काढा, पात्याला धार लावा, दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे ना ते पाहा. मग कापणीची उंची एक घर वाढवून चालवा. एवढ्याने यंत्र सुधारले, तर इंजिनाला दोष नव्हता.

हवा

एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते. काळा धूर आणि स्पार्क प्लगवरची कोरडी काजळी ही त्याची खूण. कागदी फिल्टर हलक्या हाताने झटका. फार मळला असेल तर बदला. फिल्टर काढून यंत्र गवतात चालवू नका, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर घासून काढते. हवा आत येण्याइतकीच बाहेर जाणेही महत्त्वाचे आहे. सायलेन्सरच्या जाळीत काजळी बसली असेल, तरीही इंजिन गुदमरते.

इंधन

महिनोन् महिने टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरमधल्या जेटचे छिद्र केसाएवढे बारीक असते. तेथे हा थर अडकतो. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

येथे एक सोपी परीक्षा आहे. गवत कापत असताना चोक किंचित बंद करा. इंजिन सुधारले, तर त्याला पेट्रोल कमी पडते आहे: जेट तुंबला आहे किंवा कार्ब्युरेटरच्या जोडातून जादा हवा शिरते आहे. दुसरी परीक्षा टाकीच्या झाकणाची. यंत्र दहा-पंधरा मिनिटे नीट चालून मग दम सोडत असेल, तर इंजिन बंद करून झाकण उघडून पुन्हा लावा. लगेच पूर्ववत चालू लागले, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे.

ठिणगी

प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असावा. तेलकट काळा थर दिसला, तर तेल जळते आहे. प्लगमधील फट बऱ्याच लहान इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहा. पाते दगडावर आपटल्यानंतर ताकद गेली असेल, तर फ्लायव्हीलची चावी तपासा. ती थोडी जरी कातरली गेली, तरी ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. मग नवा प्लग घालूनही फरक पडत नाही.

दाब

यानंतरही दोष सापडला नाही, तर सिलिंडरमधला दाब पाहा. मापकाचा आकडा कमी आला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा स्पष्ट वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर दोष झडपांचा किंवा हेड गॅस्केटचा. काही इंजिनांत सुरू करताना दाब मुद्दाम कमी करणारी योजना असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून इंजिन बाद ठरवू नका.

झडपेची फट कमी झाली, तर तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. उदाहरणार्थ, होंडा जीएक्स१६० च्या जुन्या इंजिनांत ही फट थंड स्थितीत आत घेणाऱ्या झडपेसाठी ०.१५ आणि बाहेर टाकणाऱ्या झडपेसाठी ०.२० मिलिमीटर ठेवतात. फिलर गेज आणि अर्धा तास, एवढ्यात हे काम होते.

गव्हर्नरला हात लावू नका

ओझे वाढले की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो आणि वेग टिकवतो. त्याच्या दांड्यांत गवत अडकले असेल तर ते जरूर साफ करा. पण ताकद आणण्यासाठी त्याची स्प्रिंग ताणू नका. त्याने ताकद येत नाही, मर्यादेबाहेरचा वेग येतो. आणि ताशी ३०० किलोमीटरने फिरणारे पाते आणखी वेगाने फिरले तर काय होईल, याचा विचार करा.

जो दोष नाही, तो

उंचीवर हवा विरळ असते. साधारणपणे दर ३०० मीटरला इंजिनाची शक्ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. चैलच्या मिलिटरी स्कूलचे मैदान २,००० मीटरहून उंच आहे. तेथे धडधाकट इंजिनही समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ पाव शक्ती गमावते. ती दुरुस्तीने परत येत नाही. तेथे गवत कमी उंचीचे असतानाच आणि अधिक वेळा कापावे.

प्रत्येक तपासणीनंतर तारीख, केलेला बदल आणि झालेला परिणाम वहीत लिहा. दोन बदल एकदम केले, तर यंत्र सुधारेल. पण कशाने सुधारले ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल. इंजिन बाद ठरवायचे झाले, तरी त्या निर्णयामागे ही नोंद असावी.

स्वाध्याय

१. चोक किंचित बंद केल्यावर इंजिन सुधारते. दोष कोठे असू शकतो?
२. तेल घातल्यावर दाब वाढला नाही. यावरून काय समजते?
३. आपल्या शाळेची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा आणि तेथे इंजिनाची शक्ती किती टक्के घटेल, त्याचा हिशेब करा.