उंदीर, दाणे आणि पुराचें पाणी

आमच्या धंतोलीजवळून नाग नदी वाहते. एरव्हीं तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. परंतु २३ सप्टेंबर २०२३ रोजीं अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, आणि नदीनें कांठचे रस्ते व घरें व्यापिलीं. पाणी ओसरलें, चिखल काढिला, म्हणजे संकट टळलें असें आपण समजतों. पण पुरानंतर आठ-पंधरा दिवसांनीं डोकें वर काढणारा एक रोग आहे. त्याचें नांव लेप्टोस्पायरोसिस.

याचा जंतु मळसूत्राप्रमाणें पिळदार असून तो उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडांत राहतो. नवल असें, कीं उंदीर त्यानें सहसा आजारी पडत नाहीं. तो खुशाल हिंडतो, आणि त्याच्या मूत्राबरोबर जंतु बाहेर पडत राहतात. कोरड्या जागीं ते लवकर मरतात. ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत कित्येक आठवडे जगतात. पायास लहानशी जखम असली, कीं तेवढ्या वाटेनें ते शरीरांत शिरतात. डोळे, नाक व तोंड यांतूनही त्यांस प्रवेश मिळतो. म्हणूनच बांधींत अनवाणी रोवणी करणारांस याचें भय अधिक.

काविळीसह येणाऱ्या या ज्वराचें वर्णन जर्मनींत आडोल्फ वाईल यांनीं १८८६ सालीं केलें. त्याचा जंतु जपानांत इनाडा व त्यांचे सहकारी यांनीं १९१५ च्या सुमारास शोधून काढिला. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असंख्य लोक कमरेइतक्या पाण्यांतून चालत घरीं गेले. पुढें ऑगस्टांत तेथें या रोगाची सांथ पसरली व कित्येक दगावले.

आरंभीं थंडी वाजून ताप येतो, डोकें दुखतें, डोळे लाल होतात, पोटऱ्या फार ठणकतात. उपेक्षा केल्यास कांहींना कावीळ होते, मूत्रपिंडें निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. वेळीं ओळखल्यास मात्र पेनिसिलीन, डॉक्सिसायक्लीन यांसारख्या औषधांनीं रोगी बरा होतो.

ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत ते विचारतील, हा रोग कोंबडीपासून होतो काय? येथें दोष कोंबडीचा नव्हे. खुराड्यापाशीं रात्रीं पडून राहिलेल्या दाण्यांचा आहे. ते दाणे म्हणजे उंदरांस आमंत्रणच. दाणे सायंकाळीं झाडून घ्यावे, धान्य झांकून ठेवावें, उष्टें उघड्यावर टाकूं नये. पाण्यांत उतरणें भागच असेल तर रबरी बूट घालावे, जखम झांकावी, आणि परतल्यावर साबणानें पाय धुवावे.

मुलांनो, शेवटीं एक गोष्ट. पुराच्या पाण्यांत खेळून आल्यावर घरीं रागें भरतील म्हणून तुम्ही ती गोष्ट लपवितां. ताप आल्यावर तरी लपवूं नका. त्या एका वाक्यावरून डॉक्टरांस रोगाची दिशा कळते. आणि पालकांस आमची विनंति, कीं त्या वेळीं रागावूं नये. मुलाच्या खरें बोलण्यानें त्याचे प्राण वांचत असतील, तर तें भिऊन मनांत राहूं देणें आपणांस परवडणार नाहीं.