'स्टेल' आणि 'शिळे' : अर्थव्याप्तीची तुलना

प्रस्तावना

शब्दकोशात 'स्टेल' या इंग्रजी विशेषणासमोर बहुधा 'शिळा' हा प्रतिशब्द आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. का, ते या घटकात पाहू.

विषय-विवेचन

1. परिणाम आणि प्रक्रिया : पाव ठेवून दिला की कडक होतो, बिस्कीट उघडे राहिले की मऊ पडते. बदल परस्परविरुद्ध आहेत, तरी इंग्रजी दोन्हींना 'स्टेल' म्हणते. कारण ताजेपणा गेला, हा परिणाम तिला महत्त्वाचा वाटतो. मराठी मात्र ताजेपणा कसा गेला हेही सांगते. पाव शिळा होतो, बिस्कीट सादळते, बंद खोलीतील हवा कोंदट होते.

2. कालसूचकता : 'शिळा' हा शब्द संस्कृत 'शीतल'पासून आला आहे. शिळासप्तमीला आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खाण्याच्या प्रथेत तो मूळ अर्थ आजही दिसतो. रात्र उलटली की भाकरी शिळी होते. पण ती नासलेली नसते. शिळ्या पोळीचा कुस्करा आवडीने खाल्ला जातो. याउलट 'शिळेपाके' या शब्दात दुसऱ्याच्या दारी मिळालेल्या अन्नाची अवहेलना साठलेली आहे. ती सामाजिक छटा 'स्टेल'मध्ये नाही.

3. अर्थापकर्ष : मध्ययुगीन इंग्रजीत 'स्टेल' हा शब्द प्रशंसावाचक होता. पुरेसा काळ ठेवल्याने गाळ खाली बसून निवळलेल्या बिअरसारख्या मद्याला तो लावत. पुढे त्याचा अर्थ घसरला. काळाने वाढणाऱ्या गुणासाठी मराठीत 'मुरलेले' हा वेगळा शब्द आहे. लोणचे मुरते, शिळे होत नाही.

4. भाषांतरातील निवड : भारतात 1 एप्रिल 2012 पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच वैध असतो. त्यानंतर बँक त्याला 'स्टेल' म्हणते. येथे 'शिळा धनादेश' हे भाषांतर हास्यास्पद ठरेल. 'मुदतबाह्य धनादेश' हेच योग्य. बातमी मात्र 'शिळी' चालते, आणि जुनाच वाद पुन्हा उकरून काढला, तर 'शिळ्या कढीला ऊत आणणे' हा वाक्प्रचार नेमका बसतो.

सारांश

प्रतिशब्द कोशातून मिळतो. त्याची योग्यता मात्र संदर्भावरून ठरते. म्हणून भाषांतर करताना प्रथम वस्तू कोणती, तिच्यात कोणता बदल झाला आणि बोलणाऱ्याला काय सुचवायचे आहे, हे पाहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. 'शिळे', 'सादळलेले' आणि 'नासलेले' यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
2. आपल्या घरात वा परिसरात ताजेपणा गेल्याचे दर्शविणारे आणखी पाच शब्द नोंदवा व प्रत्येक शब्द कोणत्या वस्तूला लावतात ते लिहा.