बिनशिवणीचा पट्टेदार स्वेटर आणि २४ चा पाढा



डिसेंबरात आमच्या इंझोरीत सकाळी लेकरं स्वेटर घालून शाळेत येतात. पण स्वेटर विणताना बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. म्हणून माझ्या मुलीसाठी विणायला घेतलेला स्वेटर मी चौथीच्या वर्गात नेला.

नेहमीच्या स्वेटरची पाठ, पुढचा भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी शिवतात. हा मात्र गळ्यापासून सुरू करून गोल गोल खाली विणायचा, शिवण कुठेच नाही. अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांचं १९७२ सालचं पुस्तक याच पद्धतीवर आहे.

साहित्य : दोन रंगांची लोकर, मधे तार असलेली गोल सुई, खुणेसाठी चार रंगीत दोरे.

गणित असं आहे. माझ्या विणीत १० सेंमीमध्ये २० टाके बसतात. गळ्याला ७२ टाके घातले : पुढे २४, मागे २४, दोन्ही बाह्यांना १२-१२. या चार भागांच्या मधे चार कोपरे येतात, तिथे दोरे बांधले. एक फेरा साधा, दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. म्हणजे एका वाढीच्या फेऱ्यात ८ टाके वाढतात. एक पट्टा ६ फेऱ्यांचा, त्यात वाढीचे फेरे ३. म्हणजे दर पट्ट्याला २४ टाके वाढतात.

मी फळ्यावर ७२ लिहिलं आणि विचारलं, "पहिला पट्टा संपल्यावर किती?" पोरं मांडत गेली : ९६, १२०, १४४, १६८, १९२. तेवढ्यात एक जण म्हणाला, "मॅडम, हा तर २४ चा पाढाच हाय!" तीन चोकपासून आठ चोकपर्यंत नव्हे, चोवीस त्रिक ते चोवीस आठे असा पाढा सुईवर दिसत होता.

दुसऱ्या पट्ट्यानंतर खरी मजा आली. १२० हवे होते, मुलांनी मोजले तर ११८. पुन्हा मोजले, तरी ११८. पाढ्यात नेहमी मागे राहणारी एक मुलगी म्हणाली, "भाग वेगळे मोजू का?" पाठ ३६, डावी बाही २४, बरोबर. पुढचा भाग ३५, उजवी बाही २३. दोन्हीत एकेक कमी, म्हणजे त्या दोघांच्या मधला कोपरा एकदा चुकला! चूक माझी होती, ती तिने शोधली. मी सगळ्यांसमोर पट्टा उसवला आणि पुन्हा विणला. उत्तर चुकलं की पाटी लपवणारी लेकरं ते शांतपणे पाहत होती.

पाच पट्ट्यांनंतर पुढे-मागे ५४-५४ आणि बाह्यांना ४२-४२ टाके झाले. बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले आणि दोन्ही काखेत ६-६ नवे घातले. अंगाचा घेर ५४+५४+६+६ = १२० टाके, म्हणजे ६० सेंमी. बाहीचा ४२+६ = ४८ टाके, म्हणजे २४ सेंमी. इथेच स्वेटर मुलीला घालून पाहिला. गळा घट्ट वाटला असता, तर अर्ध्यावरच कळलं असतं. शिवायच्या स्वेटरचं माप नीट कळतं ते शेवटी. आपलं मूल्यमापनही असंच हवं : सत्र संपल्यावर नव्हे, दर पट्ट्याला.

मुलांना विचारायला एक प्रश्न : रंग बदलतो तिथे पट्ट्याला छोटी पायरी का दिसते? उत्तर : गोल विणताना फेरा बंद होत नाही, स्प्रिंगसारखा वर चढतो. पेन्सिलीवर दोरा गुंडाळून दाखवा.

१९३७ साली आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यासाठी मोठी सोय लागत नाही. घरात आई, आजी, काकू कोणी विणत असेल, तर लेकराला शेजारी बसवा आणि टाके मोजायला सांगा. आणि चूक निघाली, तर त्याच्यासमोरच उसवा.