बाळाचं कळलं, आता तुझं सांग

अगं, बाळाने दिवसातून किती वेळा शी केली, कावीळ उतरली का, टाळूवर तेल किती जिरलं, हे सगळं मला आईने फोनवर सांगितलं. तुझं विचारलं तर म्हणाली, "ती छान आहे, जेवतेय-खातेय." एवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून तुलाच लिहितेय. काही गोष्टी आईपुढे बोलायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. माझ्यापुढे लाजू नकोस.

पहिल्यांदा अंगावरून जाण्याचं. सुरुवातीला लालभडक, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट पांढरं, असं ते चार ते सहा आठवडे चालतं. बाळाला पाजायला घेतलं की पोटात कळ येते ना? घाबरू नकोस, दुधाबरोबर गर्भाशय आवळलं जातंय. ते मूळच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. फिकं झालेलं पुन्हा लाल दिसायला लागलं, तर बहुधा तू जास्त उठबस केलीस. सरळ आडवी हो. पाहुणे आले म्हणून चहाला उठायचं नाही, चहा करणारे घरात आहेत.

पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, घाण वास येत असेल, ताप 100.4च्या वर गेला असेल, एकच पोटरी सुजून दुखत असेल किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. बीपी बाळंतपणानंतरही चढू शकतं, गरोदरपणात ठीक असलेल्या बाईचंसुद्धा. त्याच रात्री दवाखाना गाठायचा. गाडी नसली तर 108.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले, ते सांगते. खोकलीस, शिंकलीस, खळखळून हसलीस की थेंबभर लघवी होते का? होत असेल तर मला सांग. आपली मोठी मावशी आठव. लग्नाला गेली की मांडवात शिरण्याआधी बाथरूम कुठे ते बघते, एसटीने जायचं असलं की सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाही, आणि पिशवीत एक जादा परकर कायम असतो. तिची तीन बाळंतपणं झाली, पण कुणी तिला एका शब्दाने विचारलं नाही, आणि तिनेही "बायकांच्या जातीला हे असायचंच" म्हणून सोसलं. हे असायचंच नसतं गं. नऊ महिने वजन पेललेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. पुढे दुर्लक्ष झालं तर अंग बाहेर येण्याचा त्रासही वाढू शकतो.

व्यायाम अगदी साधा आहे. चारचौघांत वायू सरायला नको म्हणून आपण जसं आवळून धरतो, तसंच पुढची लघवीची जागाही आवळायची आणि सगळं आत, वर ओढायचं. पाच मोजेपर्यंत धर, मग पूर्ण सैल सोड आणि तेवढंच थांब. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू राहू दे, मांड्या आणि कुल्ले ताठ करू नकोस. लघवी करता करता मात्र हे करून बघायचं नाही. टाके दुखत असतील तर हलकं कर, पण विसरू नकोस. पाजायला बसलीस की लगेच करायचं, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको. फरक कळायला तीनेक महिने जातात. तेवढ्याने नाहीच थांबलं, तर फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांना दाखव.

आणि पोट करकचून बांधू नकोस. कंबरेला आधार म्हणून पट्टा ठीक आहे, पण सपाट दिसावं म्हणून आवळलास तर सगळा दाब खाली, त्याच दुबळ्या स्नायूंवर येतो. तुझं सिझर झालं असतं तर आणखी एक सांगितलं असतं, ते सिझर झालेल्या जाऊबाईंना सांग: उठताना आधी कुशीवर वळायचं आणि हाताच्या आधाराने उठायचं, खोकताना टाक्यांवर उशी धरायची, बाळाहून जड काही उचलायचं नाही.

आजी शेक-शेगडीचं म्हणेल. तिची माया खरी आहे, पण निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत अजिबात नको. त्यातून येणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, आणि धूर बाळाच्या छातीलाही वाईट. गरम पाण्याची पिशवी घे. "पाणी कमी पी" हेही ऐकू नकोस. पाजणाऱ्या बाईला तहान लागते, आणि पाणी कमी पडलं की पोट साफ होत नाही, मग कुंथताना टाक्यांवर ताण. डिंकाचे लाडू खा, अळिवाची खीर खा, पण सोबत पालेभाजी आणि वरणही हवं. लोहाच्या गोळ्या सहा महिने चालू ठेव. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नकोत, दोन्हींत अंतर ठेव.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू उगाच रडलीस असं आई म्हणाली. ते बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उतरलेलंच राहिलं, बाळ झोपलं तरी तुला झोप येईना, किंवा स्वतःला, बाळाला काही करावं असा विचार डोकावला, तर तो आजार आहे आणि बरा होतो. मला रात्री दोनला फोन कर. 14416 हा टेलिमानसचा नंबरही फोनमध्ये ठेव, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत.

सहा आठवड्यांच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर ने. सगळे बाळाचं वजन करतील, तू आपलं बीपी आणि हिमोग्लोबिन बघायला सांग, टाके दाखव, लघवीचं बोल. पाळी आली नाही म्हणून दिवस जाणार नाहीत असं समजू नका दोघं. पाळीच्या आधीच बीज सुटतं. तांबी, गोळ्या, काय सोयीचं आणि पाजताना काय चालतं, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या.