शब्दाचा अर्थ पाहा, सूरही पाहा

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाड पट्ट्यातला माल न्हावा-शेवा बंदरातून रॉटरडॅमला जातो. तिकडे पेट्या उघडल्यावर मणीगळ किंवा कूज दिसली, की खरेदीदाराची क्लेमची, म्हणजे भरपाई मागणारी, मेल येते. अशा मेलची इंग्रजी उत्तरं लिहिणं आणि तपासणं हे माझं काम. या धंद्यात पैशाचं नुकसान पुष्कळ पाहिलं, पण एका पत्रापायी मोडलेला व्यवहार मनाला फार लागला. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

ते पत्र मी पाहिलं ते रवाना झाल्यावर. लिहिणारा मुलगा हुशार, व्याकरण चोख. पत्रात होतं : माल खराब असल्याचं 'यू पीपल आर अलेजिंग', तुमचा 'सो-कॉल्ड' सर्व्हे रिपोर्ट मिळाला, आता 'एक्स्क्यूजेस' नकोत. त्याच्या मनात होतं ते साधं : तुम्ही मंडळी म्हणताय की माल खराब आहे, तुम्ही ज्याला सर्व्हे रिपोर्ट म्हणता तो मिळाला, आता आणखी कारणं नकोत, हिशेब मिटवू.

वाचणाऱ्यापर्यंत भलतंच पोचलं. आपल्या 'तुम्ही मंडळी'त आपुलकी असते. 'यू पीपल'मध्ये समोरच्याच्या अख्ख्या गोतावळ्याला हिणवल्याचा वास येतो. 'अलेज' म्हणजे पुराव्यावाचून आरोप करणं. 'सो-कॉल्ड' म्हणजे नावापुरता, विश्वास न ठेवण्याजोगा. 'एक्स्क्यूज' म्हणजे इथे सबब. तोट्यात वाटा उचलायला तयार असलेला खरेदीदार अडून बसला आणि पुढच्या हंगामाच्या मालाची ऑर्डर त्याने दुसऱ्याला दिली. फोनवर त्याचं म्हणणं एवढंच होतं : तोटा धंद्यात होतोच, पण तुम्ही आम्हाला खोटारडे ठरवलंत. 'यू हॅव रिपोर्टेड', नुसतं 'सर्व्हे रिपोर्ट' आणि 'रीझन' असं लिहिलं असतं, तर तेच म्हणणं सभ्यपणे पोचलं असतं.

दोष त्या मुलाच्या बुद्धीत नव्हता. शाळेत आपण शब्दार्थाच्या वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी शब्द लिहितो. तिथे 'क्लेव्हर'समोर चतुर आणि 'कनिंग'समोरही चतुर. 'डिटर्मिन्ड' जिद्दी, 'स्टबर्न'ही जिद्दी. 'फेमस' आणि 'नोटोरियस' दोन्ही प्रसिद्ध. पण बोलणारा त्या गुणाला मान देतोय की नाक मुरडतोय, हे त्या वहीत कुठेच येत नाही. मराठीत आपण हे चुकत नाही. काटकसरी आणि चिक्कू, धीट आणि आगाऊ, नावाजलेला गायक आणि नामचीन गुंड हे फरक आपल्याला बाळकडूत मिळतात. इंग्रजीत ते मुद्दाम शिकावे लागतात. 1948 साली बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' कार्यक्रमात बर्ट्रांड रसेल यांनी हेच दाखवलं होतं : एकच ठामपणा माणूस स्वतःत पाहतो तेव्हा निश्चय, समोरच्यात पाहतो तेव्हा हट्ट आणि तिसऱ्यात पाहतो तेव्हा निव्वळ मूर्खपणा होतो.

आता करायचं काय? पहिली गोष्ट, शब्दकोश बदला. इंग्रजी-मराठी कोश जवळ असू द्या, पण जोडीला परभाषकांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना सहकाऱ्यांसह असा कोश रचला. तो 1942 साली टोकियोत छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश म्हणून जगभर गेला. आज त्यात अर्थाच्या आधी बारीक खुणा असतात. 'डिसअप्रूव्हिंग' म्हणजे नापसंती, 'ऑफेन्सिव्ह' म्हणजे अपमान, 'अप्रूव्हिंग' म्हणजे कौतुक. अर्थ नंतर वाचा, आधी ही खूण पाहा.

दुसरी, शब्दाचे शेजारी पाहा. कोशातल्या उदाहरणांत 'नोटोरियस'च्या शेजारी गुन्हेगार, तुरुंग, घोटाळे दिसतील. आपल्या गावच्या पैठणीला तो शब्द लावायचा नाही, हे आपोआप कळेल.

तिसरी, देश पाहा. आपण आणि ब्रिटिश सरकारी योजनेला सहज 'स्कीम' म्हणतो. अमेरिकन कानाला त्यात कारस्थान ऐकू येतं. आपल्या विवाहविषयक जाहिरातीतली 'होमली' मुलगी म्हणजे घरात रमणारी. अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला सुमार. ऑफिसातल्या शिपायासाठी आपण 'पीऑन' लिहितो, तिकडे तो शब्द हलक्या कामाच्या माणसाला हिणवायला वापरतात.

चौथी, काळ पाहा. जुन्या पुस्तकात छापलेला शब्द आज चालेलच असं नाही. अमेरिकेने 2010 साली 'रोझाज लॉ'ने केंद्रीय कायद्यांतला 'मेंटल रिटार्डेशन' हा शब्दप्रयोग बदलून 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आणला. 2016 साली माणसांसाठी वापरलेला 'ओरिएंटल' शब्दही तिथल्या केंद्रीय कायद्यांतून काढण्यात आला. वंश, अपंगत्व, लिंग यांवरून अपमान करणारे शब्द समजून जरूर घ्या, म्हणजे कुणी आपल्याला लावले तर कळतील. पण सिनेमात ऐकले म्हणून तोंडात बसवू नका.

वाचतानाही हाच डोळा ठेवा. एखादं वृत्तपत्र एका देशाच्या सरकारला 'गव्हर्नमेंट' आणि दुसऱ्याच्या सरकारला 'रेजीम' म्हणत असेल, तर बातमीआधी त्याचं मत तुमच्यापर्यंत पोचलेलं असतं.

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी एक सवय लावतो. मेल लिहून झाली की समोरच्या माणसाबद्दलचं प्रत्येक विशेषण आणि त्याच्या म्हणण्याला जोडलेलं प्रत्येक क्रियापद अधोरेखित करायचं. तेवढेच शब्द कोशात पाहायचे. नापसंतीची खूण दिसली, की स्वतःला विचारायचं : मला खरंच नापसंती दाखवायची आहे का? दाखवायची असेल, तर जरूर दाखवा, तो तुमचा हक्क आहे. पण राग असो की तक्रार, ती आपण ठरवून केलेली असावी. शब्दाने परस्पर केलेली नसावी.