अशनीची वाट

मुलांनो, रात्री आकाशात प्रकाशाची रेघ ओढीत जाणारी उल्का तुम्ही पाहिली असेल. ‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो. परंतु तारा कधी तुटत नाही. अवकाशातील एखादा खडा वातावरणात अतिवेगाने शिरताच तापतो व पेटतो, तीच उल्का होय. बहुतेक उल्का वरच्यावर जळून नाहीशा होतात. एखादा मोठा दगड मात्र भूमीपर्यंत पोहोचतो. त्यास अशनी म्हणतात. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी असे अशनी पडले.

हे पाहुणे येतात कोठून? पडलेला दगड आपली वाट सांगत नाही. ती पाहणाऱ्यांनी सांगावी लागते. समजा, नांदेडहून एक अग्निगोल दिसला. त्याची दिशा कळेल, पण अंतर कळणार नाही. तोच गोल त्याच क्षणी शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या लातूरहूनही कोणी पाहिला, तर दोन्ही दिशांच्या रेषा जेथे मिळतात, तेथे तो होता हे गणिताने ठरते. अशी अनेक क्षणांची स्थाने मिळाली म्हणजे त्याचा वेग व मार्ग निघतो. त्यातून पृथ्वीच्या आकर्षणाचा व गतीचा परिणाम वजा केला, की त्या दगडाची सूर्याभोवतीची पूर्वीची कक्षा हाती येते.

7 एप्रिल 1959 रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रिब्राम येथे पडलेल्या अशनीचा अग्निगोल दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी टिपला. त्याची कक्षा मंगळ व गुरू यांच्यामधील लघुग्रहांच्या पट्ट्यात पोहोचत होती. छायाचित्रांवरून कक्षा निघालेला हा पहिलाच अशनी. पुढे 2010 साली जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा नावाच्या लघुग्रहावरील कण पृथ्वीवर आणले. ते नेहमी सापडणाऱ्या दगडी अशनींशी जुळले. अशनींचे कूळ अशा रीतीने उमगले.

28 जानेवारी 1976 रोजी रात्री गुजरातेतील धजाळा येथे अशनी पडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी तो अग्निगोल पाहणाऱ्या लोकांच्या साक्षी जमविल्या व त्यांच्या आधारे कक्षा काढली.

म्हणून अग्निगोल दिसला, तर भिऊ नका आणि तिखटमीठ लावून सांगूही नका. आपण कोठे उभे होतो, किती वाजले होते, तो कोणत्या झाडावरून वा शिखरावरून कोणीकडे गेला, एवढे तत्काळ लिहून ठेवा. तुमची खरी साक्ष एखाद्या दगडाला त्याचे घर मिळवून देईल.

स्वाध्याय
1. अशनीचा मार्ग ठरविण्यास दोन ठिकाणचे साक्षीदार का लागतात?
2. अग्निगोल दिसल्यास कोणत्या गोष्टी टिपून ठेवाव्यात?